कुंकू लागलेली सीडी

तुझी सीडी चालत नाही. शीवच्या आजीला दिलेली चालते आणि मला दिलेली चालत नाही. दोन्ही तूच केल्यास, एकाच दिवशी, एकाच पाकिटातल्या. मग असं का, ते मी शोधून काढलंय, ते आधी ऐक. बाकीचं मागनं.

प्रिय मानसी,

आजीचा आशीर्वाद. गुडघा होता तसाच आहे. फोन का केला नाही म्हणून विचारशील. आपली डिलाईल रोडची खोली तुला ठाऊक आहे. इथं फोनवर शिंकलं तरी मोरीतून तुझी आई विचारते, सर्दी झाली का म्हणून. आणि हे जे लिहितेय ते तिच्या कानावर जायला नको. ती माझी सून खरी, पण त्याच्याआधी शीवच्या आजीची लेक. इकडचं तिकडं नेत नाही म्हणते. कापूर डबीत घालून ठेवला तरी वास येतोच. म्हणून माझा लेक अजित आणि ती कामावर गेली की दुपारी दार ओढून लिहायला बसते. चौथीपर्यंतचं शिक्षण आहे, काना-मात्रा मोजत बसू नकोस.

दिवाळीत तू ट्रंकेतून आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट काढून बंगलोरला नेलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, ती कसली चालतेय आता, तीस वर्षं झाली, बुरशी खाऊन गेली असेल. तू म्हणालीस, दुकानात साफ करून देतात, मग मी कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करते, तुम्हा दोघी आज्यांकडं अजून तो टीव्हीखालचा जुना सीडीचा डबा आहे ना, त्यात घालून बघा. केल्यास, पाठवल्यास. दोन्हींवर तुझ्या अक्षरात काळ्या पेनानं ‘आई-बाबांचं लग्न’, आणि खाली फूल. तिच्या सीडीवरचं फूल जरा मोठं आहे. मी बघितलंय. कसं बघितलं ते पुढं येईल.

सीडी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शीवहून फोन चालू. सकाळची पूजा आटपली की माझी विहीण फोनला लागते. काल परत लावली हो विहीणबाई, तुमचा तो जांभळा शालू काय उठून दिसतोय. अगं बाई, नेसले मी, मला ठाऊक नाही तो जांभळा होता ते? दुसऱ्या दिवशी, अजित केवढा बारीक होता, नाही? नऊ महिने मी पोटात वागवला, तो किती बारीक होता ते मला शीवहून कळणार. माझ्या मुलाच्या लग्नाच्या गोष्टी ती मला सांगते, जशी मी तिथं नव्हतेच. आणि मी काय म्हणणार? हो, हो, छानच आलंय. न बघता म्हणते. आमची चालत नाही असं तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही. तिच्याकडं लिफ्ट आहे, तिचे स्वतःचे दात आहेत, तिचा नवरा सोफ्यावर बसून मोठ्यानं पेपर वाचतो. आता सीडीपण तिचीच चालायची.

आमच्याकडं काय झालं ते ऐक. सीडी घातली. डब्यानं आत ओढून घेतली, घरघर केलं, आणि टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं. अजितनं वाचलं. म्हणतो, नो डिस्क. म्हणजे सीडी नाही. सीडी त्याच्या पोटात फिरतेय आणि हा म्हणतोय सीडी नाही. पंगतीतून जेवून उठलेल्या माणसानं सांगावं मला वाढलंच नाही, तशातली गत. काढली, परत घातली. उलटी घातली. मागच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी काढून पुसून परत लावल्या. तुला फोन केला तेव्हा तू सांगितलंस, मऊ सुती कापडानं पूस, गोल नाही पुसायचं, मधून कडेला सरळ पुसायचं. पुसली. तू म्हणालीस दुसरी कुठली सीडी चालते का बघ. तुझ्या आजोबांनी गावच्या जत्रेतून आणलेल्या दशावताराच्या सीड्या लावल्या. संकासुर लगेच आला नाचत. म्हणजे डबा ठणठणीत, असं सगळ्यांनी ठरवलं. तुझीच सीडी खोटी.

शेजारची कमलाबाई आली. तिचा मोबाईल पाण्यात पडला होता तो तांदळात ठेवून बरा झाला, म्हणून हीपण तांदळात ठेवा म्हणाली. मी म्हटलं ही भिजलेली नाही. ती म्हणाली, दमट हवा असते हो. तर दोन दिवस तुझ्या आई-बाबांचं लग्न कोलमच्या डब्यात होतं. बाहेर काढलं ते पीठ लावलेल्या बांगड्यासारखं. परत पुसलं. अजितनं मोबाईलवर बघितलं की टूथपेस्ट चोळतात. मी म्हटलं, सीडीला कुठले दात, पेस्ट माझ्याकडंच राहू दे.

आणि मग तुझ्या आईनं कुंकवाचा विषय काढला.

आता तुला ठाऊक आहे, घरात नवी वस्तू आली की मी हळदकुंकू लावते. मिक्सरला लावलं, गॅसच्या शेगडीला लावलं, तुझ्या पहिल्या लॅपटॉपला लावलं तेव्हा तू केवढी ओरडली होतीस. माझ्या स्वतःच्या कपाळाचं गेलं ते गेलं. वस्तूंना लावायला मला कोणी बंदी केलेली नाही. तुझी सीडी आली तशी देवापुढं ठेवली आणि बोट टेकवलं. आता तोंड कुठलं आणि पाठ कुठली? मला वाटलं, चमकतं ते तोंड. तिथंच लावलं. लगेच पदरानं पुसलंसुद्धा, पण मधल्या भोकाच्या कडेला गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणते कशी, आई, तुम्ही कुंकू लावलंत ना, आता कशी चालणार. हळूच म्हणाली. तिच्या आईची सवय आहे ती, मऊ आवाजात चिमटा. तूही फोनवर हसलीस आणि म्हणालीस, आजी, चमकती बाजू म्हणजे तिचा डोळा, तिथं बोटसुद्धा लावायचं नसतं. म्हणजे झालं. मीच माझ्या हातानं मुलाच्या लग्नाचा डोळा फोडला. शीवच्या आजीनं कुंकू लावलं नाही, तिची चालली. तिचं सगळं कसं स्वच्छ.

तू म्हणालीस, बाबांच्या मोबाईलवर पाठवते, त्यात बघ. मी म्हटलं, तांदळाएवढी माणसं मला दिसत नाहीत. मे महिन्यात येशील तेव्हा दुसरी करून आणतेस म्हणालीस. तेव्हा मी हो म्हटलं. मेपर्यंत थांबलेही असते. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी शीवहून फोन आला आणि माझं डोकं फिरलं.

रोजच्यासारखी शालूवरून सुरुवात झाली. मग म्हणाली, विहीणबाई, त्यात तुमचे मालक तुमच्याबद्दल बोलतात हो. मी विचारलं, काय बोलतात? म्हणाली, तुम्ही बघितलंत ना? मी म्हटलं, बघितलं, पण माझं लक्ष नव्हतं, भाजी शिजत होती. तर म्हणते, मग इथं या, आपण बसून बघू. जेवायलाच या. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. आणि ठेवला फोन.

मानसी, तुझ्या आजोबांना तू पाहिलंस ते म्हातारपणी, पट्ट्याच्या खाटेवर. त्यांच्या तोंडातनं किती शब्द यायचे ते तुला ठाऊक आहे. गिरणीत मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेला, तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून घरीही बोलायची सवय मोडली. काय पाहिजे ते हातानं दाखवायचे. पाण्याला अंगठा, चहाला दोन बोटं. माझ्याबद्दल चांगलं की वाईट, चाळीस वर्षांत एक अक्षर मी ऐकलं नाही. आमटी खारट झाली तरी नाही. आणि हा माणूस माझ्याबद्दल काहीतरी बोलला, ते कॅसेटमध्ये सापडलं, आणि ते पहिलं ऐकलं कोणी, तर विहिणीनं. शीवला बसून. बाजूला तिचा नवरा जिवंत, पेपर वाचतोय. तिला एक नवरा पुरत नाही का, तर माझापण लावून बघते रोज सकाळी.

माझ्याकडं त्यांचा एक फोटो आहे. पेन्शनच्या पुस्तकासाठी काढलेला, तो मोठा करून घेतला. त्यात ते फोटोवाल्यावर चिडल्यासारखे बघतात. आवाज कुठंच नाही. तिच्याकडं चालतेबोलते, माझ्याकडं खिळ्याला टांगलेले. हे काही मी तुला फोनवर बोलले नसते.

आणि काय बोलले असतील तेही मला रात्रंदिवस टोचायला लागलं. त्या लग्नात माझं तोंड वाकडं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. का होतं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. आपल्याकडं मुलाच्या आईला पंगतीला बोलवायचं असतं. तिनं आपणहून जाऊन बसायचं नसतं. मुलीच्या आईनं येऊन, चला विहीणबाई, पान मांडलंय, म्हणायचं, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, मग उठायचं. हा मान आहे. पोटाचा प्रश्न नाही. मी परळच्या त्या हॉलच्या मागच्या खोलीत जांभळा शालू नेसून खुर्चीवर बसून राहिले. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. जिलबीचा वास येत होता. कोणी आलं नाही. शेवटी पाठवणी झाली आणि मी नवी सून घेऊन उपाशी घरी आले, आल्यावर चहात पाव बुडवून खाल्ला. शीवच्या आजीला मी हे कधी तोंडावर बोलले नाही. पण तिच्या घरी मी चहाच्या पुढं गेले नाही, तुझ्या बारशालाही नाही, हे तुझ्या कधी ध्यानात आलं का? विचार आईला. नको, विचारू नकोस.

हे मात्र जेवले होते. पहिल्या पंगतीत. ते मी त्यांना पुरेपूर ऐकवलं. जिलबी समोर आली की म्हणायची, घ्या, तुम्हाला सवय आहे एकट्यानं खायची. ते खायचे. एकदासुद्धा मान वर केली नाही.

तर मी काय केलं ते आता सांगते. पश्चात्ताप वगैरे म्हणून सांगत नाही, पुढचं कळायला पाहिजे म्हणून सांगते. संक्रांतीचे तिळगूळ द्यायचे निमित्त केलं, माझी सीडी रुमालात गुंडाळून पिशवीत घातली आणि टॅक्सी करून शीवला गेले. विहीण केवढी खूश. बसा, बसा, लावते. मी म्हटलं, लावू नका, माझ्याकडं आहे की, रोज बघते. आधी चहा टाका. ती आत गेली. तुझे शीवचे आजोबा पेपरमागं. त्यांच्या कानातलं मशीन टेबलावर काढून ठेवलेलं, म्हणजे वाजलं तरी फिकीर नाही. टीव्हीखाली डबा. बटण दाबलं, त्यानं जीभ बाहेर काढली. तिच्यावर सीडी. फूल मोठं. ती उचलली, माझी ठेवली, जीभ आत ढकलली. तिळगुळाचा डबा उघडायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ. चहा प्यायले. जेवायला थांबा म्हणून ती दारापर्यंत मागं आली, लिफ्टचं दार धरून उभी राहिली, भरली वांगी केलीत म्हणाली. मी म्हटलं, गुडघा दुखतो, उशीर होईल. टॅक्सीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. मला वाटलं, आता उद्या तिच्या टीव्हीवर येऊ दे इंग्रजी. बघू दे तिला दोन दिवस तांदळात घालून.

घरी येऊन हात धुतले, दार लावलं आणि तिची सीडी घातली. कुंकू न लागलेली, स्वच्छ, मोठ्या फुलाची. डब्यानं घरघर केलं. नो डिस्क.

मी खाटेवर बसले. तुझ्या आजोबांचा फोटो चिडल्यासारखा बघत होता.

तेव्हा अक्कल आली. मिक्सर फिरला नाही तर आपण त्याला दुसऱ्या प्लगला लावून बघतो ना? मी नकळत तेच करून बसले होते. दोन्ही सीड्या इथं मुक्या, म्हणजे सीडी खोटी नाही, डबा खोटा. तू मागं एकदा म्हणाली होतीस, विकतच्या सीडीवर कोरलेलं ठसठशीत असतं, घरी केलेल्या सीडीवरचं फिकट, जुन्या डब्याला वाचता येत नाही. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. म्हणजे डब्याची नजर गेली. संकासुर दिसतो, घरची माणसं दिसत नाहीत. माझ्या कुंकवाचा काही दोष नव्हता. हे मी तुझ्या आईला ओरडून सांगितलं असतं, पण सांगायचं कसं? तिच्या आईची सीडी चोरून आणली तेव्हा कळलं, असं?

आणि मग पुढचं डोक्यात आलं, ते वाईट होतं. माझी सीडी तिथं चालणार. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. काल परत लावली हो विहीणबाई. मी म्हटलं, हो का. शालूचं झालं, मुंडावळ्यांचं झालं. मग म्हणते, एक गंमत बघा, आमच्या सीडीला कुठूनसं कुंकू लागलंय. मधे, भोकापाशी. शकुन चांगला आहे, पुसलं नाही मी. आणि लगेच दुसरं बोलायला लागली, गूळ महाग झाला म्हणून. तिच्या घरच्या फ्रिजला पहिल्या दिवशी कुंकू कोणी लावलं होतं? मी. मुंबईत नव्या वस्तूला कुंकू लावणारी दुसरी कुठली बाई तिच्या ओळखीची आहे? तिला सगळं कळलं होतं, आणि एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मी भांडले असते. मला ते जमतं. हे असं गप्प राहणं जमत नाही. चांगुलपणातसुद्धा ती पुढं.

त्यानंतर चार-पाच दिवस मी फोन घेतला नाही. मोरीत आहे, झोपलेय, असं तुझ्या आईला सांगायला लावलं. मग मागच्या गुरुवारी दुपारी जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. बघते तर तुझे शीवचे आजोबा. एका हातात पिशवी, एका हातात जेवणाचा डबा. एकटे. बसायला सांगितलं तर म्हणाले, बसत नाही, खाली टॅक्सी उभी आहे. पिशवीतून त्यांच्या घरचा सीडीचा डबा काढला, टीव्हीला लावला, वायरी माझ्यापेक्षा सफाईनं लावल्या. म्हणाले, हिनं दिलाय. सीडी आत घातलेली आहे. सावकाश बघा, एकट्या बघा, कोणी यायची गरज नाही असं हिनं सांगितलंय. आणि दारातून वळून म्हणाले, विहीणबाई, ती जीभ आत ढकलायची नसते, बटण दाबायचं, आपणहून आत जाते. त्या दिवशी तुम्ही ढकललीत. पेपरमागून त्या माणसाला सगळं दिसत होतं. जिना उतरताना हसत होते मेले.

मला आता खरं लिहायला पाहिजे. मोबाईलवर का नको म्हटलं, शीवला बसून का नाही बघितलं. तांदळाएवढी माणसं वगैरे सांगायच्या गोष्टी. अजित समोर मोबाईल धरून उभा राहिला असता आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला असता. विहीण बाजूला बसली असती, नाक पुसायला पदर तयार ठेवून. हे बोलायला लागतील तेव्हा माझं तोंड कसं होईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणी बघावं, तिनं तर मुळीच, हे मला नको होतं. हे तिला न सांगता कळलं, याचाही मला राग आला. पण कडी लावली आणि लावलं.

सगळं सांगत बसत नाही, तू बघितलंच असशील, पळवत पळवत बघितलं असशील. शूटिंगवाला आचाऱ्याला फार वेळ दाखवतो. शालू जांभळा आहे. मग पंगत येते. हे पंगतीच्या टोकाला उभे आहेत, पहिल्या पंगतीतून उठून हात धुऊन आलेले, खांद्यावर टॉवेल, केस काळे. समोरून विहीण येते जिलबीचं ताट घेऊन, घामाघूम, नथ तिरकी. आणि हे तिला थांबवतात. बँड जरा थांबलेला आहे म्हणून ऐकू येतं. म्हणतात, विहीणबाई, आमची मंडळी जेवली नाय अजून. मागं बसलीय. ती आपणहून यायची नाय. तिला बोलवायला लागतं.

एवढंच. ती म्हणते, अगंबाई, हो, हो, आत्ता जाते. आणि दोन पावलं जाते तोवर कोणीतरी तिला उलट बाजूनं हाक मारतं, ताट हातात घेऊन ती तिकडं वळते, आणि शूटिंगवाला परत आचाऱ्याकडं.

विसरली ती. मुलीच्या लग्नात बाईला किती ठिकाणी तोंड द्यावं लागतं ते मी जाणते. विसरली, आणि तीस वर्षांनी स्वतःच्या टीव्हीवर स्वतःला विसरताना बघितलं. म्हणून रोज फोन, जेवायलाच या, जेवायलाच या. मी म्हणत होते मिरवतेय.

तिला मी एका मिनिटात सोडून दिलं. ह्यांना सोडवत नाही. एवढं बोलता येत होतं तर मला का नाही सांगितलं? मी आयुष्यभर जिलबीवरून बोलले, तेव्हा एकदा म्हणायचं होतं, अगो, मी सांगितलं होतं तिला. नाही म्हणाले. विहिणीचं नाव पुढं येईल, दोन घरांत भांडण होईल, म्हणून गिळलं असणार. माझी काळजी करायची तर ती परक्या बाईजवळ. मला ओळखत होते ते तिला सांगायचं, मला नाही. ‘ती आपणहून यायची नाय.’ हे वाक्य माझं आहे, मानसी. तीस वर्षं ते तिच्याकडं पडून होतं, आणि तिला ठाऊकही नव्हतं. माझी जळजळ कशाची आहे ते आता तरी तुला कळलं का?

त्यांनी आणलेल्या जेवणाच्या डब्याचं राहिलं. टीव्ही बंद करून उघडला. वरण, भात, अळूची भाजी, मठ्ठा बाटलीत वेगळा, दोन जिलब्या. आणि वर घडी करून केळीचं पान. पानाच्या घडीत चिमूटभर रांगोळी, कागदाच्या पुडीत. एवढं कोण करतं? मी पान मांडलं. रांगोळी घातली, वाकडी आली. जेवले. अळूत मीठ कमी होतं. जिलब्या दोन्ही खाल्ल्या, डॉक्टरला सांगू नकोस.

आता पत्र कशासाठी, ते. तिचा सीडीचा डबा मला परत करायचा आहे. तिनं मागितला नाही, म्हणून जास्तच करायचा आहे. मीच घेऊन जाणार, रविवारी, आणि जेवणार, वांगी असोत नाहीतर काही असो. दोन्ही सीड्याही नेणार, तिला पाहिजे ती तिनं ठेवावी. तो डबा गेला की मग माझ्याकडं परत तो चिडका फोटो आणि संकासुर. म्हणून तू असं कर. मला तीन तासांचं लग्न नको. आचारी नको, बँड नको, मीसुद्धा नको. ते ‘विहीणबाई’ म्हणतात तिथून, ‘बोलवायला लागतं’ म्हणतात तिथपर्यंत, तेवढाच तुकडा काप. त्याची सीडी कर, एकामागून एक तोच लागेल अशी, आणि माझ्या आंधळ्या डब्याला वाचता येईल अशी. येत नसेल तर त्याच्याबरोबर डोळस डबा पाठव. आधी मी लिहिणार होते की त्यातून शीवच्या आजीला काढून टाक. मग विचार केला, तिला काढली तर हे हवेशी बोलतायत असं दिसेल, लोक म्हणतील म्हातारा खुळा होता. राहू दे तिला. पण तिचं हो हो मागून आलंच तर जरा बारीक कर, आणि तिची नथ सरळ करता आली तर कर, नाहीतर रोज बघताना माझा हात शिवशिवेल.

तुझीच,
डिलाईल रोडची आजी

उत्तर तूच लिही, हातानं, पाकिटात घालून, माझ्या नावावर. आईनं फोनवर कळवलं तर मी ऐकणार नाही, आणि शीवहून आलं तर उघडणार नाही.